प्लास्टर पंप थांबला की बिघडतो: खान्देशातल्या साइटवर या चुका टाळा

"भाऊ, पाइप जाम व्हई गया!" गिलाव्याचं मशीन लावलेल्या साइटवर ही हाक आली की परांचीवरचे मिस्त्री हात आवरतात, हेल्पर हातोडा शोधायला पळतो आणि ठेकेदार मशीन विकणाऱ्याला फोन लावतो. दोष मशीनवर टाकला जातो. नळी उघडून पाहिली तर बहुतेक वेळा कारण मशीनच्या बाहेर सापडतं. थोड्या वेळापूर्वी जेवणाची सुट्टी झालेली असते, लाइट गेलेली असते, नाहीतर गनवाल्याला (नळीच्या टोकाच्या गनने भिंतीवर माल मारणाऱ्याला) कोणीतरी "जरा थांब, चौकट सरळ करून घेतो" असं म्हटलेलं असतं. पंप चालू असेपर्यंत गिलाव्याचा कालवलेला माल नळीतून पुढे सरकत राहतो आणि ओल्या मालामुळे रोटरला वंगण मिळतं. पंप थांबला की सिमेंट घट्ट व्हायला लागतं, वाळू तळाशी बसते आणि रबर एकाच जागी दाबून राहतं. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात मशीन चालवण्यापेक्षा ते कसं थांबवायचं याचाच भाग मोठा आहे.

हे सगळं रोटर-स्टेटरच्या पंपाबद्दल आहे, कारण गिलाव्याला तोच जास्त वापरला जातो. पिळाचा धातूचा रोटर रबरी अस्तराच्या स्टेटरमध्ये घट्ट बसवलेला असतो. रोटर फिरताना दोघांच्या मध्ये कप्पे तयार होतात आणि ते माल पुढे ढकलत नेतात. १९३०च्या सुमारास फ्रान्सच्या रेने मोइनो यांनी ही रचना शोधली; तत्त्व आजही तेच आहे. तो घट्टपणा हाच या पंपाचा जीव. रबर झिजलं, फुगलं किंवा जळलं की कप्पे गळतात. मग मोटर नुसती फिरत राहते, गनपर्यंत माल पोचत नाही.

दुपारी भरलेली नळी उन्हात सोडणं

खान्देशात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सिमेंटचा माल पाणी घातल्यापासून दोन तासांच्या आत वापरावा, असं भारतीय मानक आयएस २२५० सांगतं. पण हे दोन तास मेच्या उन्हातल्या नळीसाठी धरू नका. भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५च्या घरात असतो तेव्हा स्लॅबवर पडलेली काळी रबरी नळी हाताला चटका देते. आतला माल त्या तापात किती लवकर आवळत असेल, ते नळीवर हात ठेवूनच कळतं.

उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर नळी रिकामी करा, असं माझं स्पष्ट मत आहे. जिप्समचा माल असेल तर त्याहूनही घाई करा. ठेकेदार नळी रिकामी करत नाहीत, कारण माल वाया जाईल अशी भीती असते. हिशेब करून बघा. ३५ मिलीमीटर आतल्या व्यासाच्या नळीत एका मीटरला साधारण एक लिटर माल मावतो. चाळीस मीटर नळी म्हणजे चाळीस लिटरसुद्धा नाही, तीन-चार घमेली. तेवढा माल मिस्त्री हाताने कोपऱ्यात, चौकटीच्या कडेला लगेच मारून टाकतात. त्यासाठी अख्खी नळी आणि अर्धा दिवस पणाला लावणं परवडत नाही.

थांबा लहान असेल, म्हणजे परांची सरकवण्यापुरता, तर दर दोन-तीन मिनिटांनी पंप क्षणभर फिरवा. गनमधून पडणारा माल घमेल्यात धरून परत हॉपरमध्ये, म्हणजे पंपाच्या वरच्या माल घालायच्या टाकीत टाका. नळी भिंतीच्या सावलीला घ्या, नाहीतर तिच्यावर ओलं गोणपाट टाका. जास्तीची नळी वेटोळं करून जोडून ठेवू नका. लागेल तेवढीच जोडा, बाकीची काढून बाजूला ठेवा. आणि जमत असेल तर एप्रिल-मेमध्ये पंपाचं काम उजाडताच सुरू करून अकराच्या आत उरका. मिस्त्रींनाही ते सोयीचं जातं, भिंतही लवकर सुकून तडकत नाही.

लाइट गेल्यावर नुसती वाट बघणं

गावाकडच्या साइटवर वीज कधी जाईल याचा नेम नाही. "येईल पाच मिनिटांत" म्हणत सगळे सावलीला बसतात, आणि पाचाची चाळीस मिनिटं होतात. वीज गेली की पहिलं काम म्हणजे मशीनचा मेन स्विच बंद करणं. कोणी हॉपरमध्ये हात घालून बसलेला असताना वीज परत आली आणि मशीन आपोआप फिरलं, तर बोटं जातात. याला दुसरा शब्द नाही.

दुसरं म्हणजे जनरेटर. मोटर सुरू होताना चालतानापेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह ओढते, म्हणून जनरेटर मोटरच्या आकड्याला जेमतेम पुरणारा घेऊ नका. मशीनच्या पुस्तकात दिलेल्या क्षमतेचाच घ्या. जनरेटर नसेल तर वीज नसताना दाब कसा सोडायचा, हे त्याच पुस्तकात आधी वाचून ठेवा. प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी असते, आणि ती अडचणीच्या वेळी शोधायची गोष्ट नाही. दाब उतरल्यावर नळीचे तुकडे सोडवा, एक टोक उंच धरून माल बाहेर काढा आणि टाकीच्या पाण्याने धुवा. त्यासाठी दोनशे लिटरचा ड्रम पाण्याने भरून ठेवलेला असावा. वीज गेली की बोअरही बंद पडतो, हे ऐनवेळी आठवतं.

कोरड्या नळीत थेट माल सोडणं

सकाळी नळी आतून कोरडी असते. पहिल्या मालातलं सिमेंटचं पाणी नळीच्या कडेला लागून जातं, पुढच्या टोकाला नुसती वाळू उरते आणि तिथेच बूच बसतं. यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धवट केला जातो. आधी नळीतून साधं पाणी फिरवायचं आणि ते पूर्ण काढून टाकायचं. नळीत साचलेलं पाणी राहिलं तर ते पहिल्या मालातलं सिमेंट धुऊन काढतं आणि परिणाम कोरड्या नळीसारखाच होतो. मग सिमेंट-पाण्याची सायीइतकी दाट स्लरी करून ती मालाच्या पुढे सोडायची. नळीच्या टोकातून येणारी ही स्लरी बादलीत धरा, भिंतीवर मारू नका. चांगला माल यायला लागला की मगच गन जोडा.

जेवणानंतर पुन्हा सुरू करतानाही स्लरी लागते. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

कपलिंगमधून येणारं पाणी किरकोळ समजणं

कपलिंग म्हणजे नळीच्या तुकड्यांचा जोड. त्याच्यावरून थेंब-थेंब पाणी गळतंय, माल तर जातोय ना, मग चालू द्या, असं म्हणणारे ऑपरेटर खूप आहेत. पण नळीत दाब असतो आणि त्या फटीतून फक्त पाणी बाहेर येतं. वाळू आतच राहते, त्या जागी कोरडी होत जाते, आणि काही वेळाने नेमकी तिथेच नळी बसते. म्हणजे जाम होण्याची सूचना मशीन तासभर आधी देत असतं. कपलिंगचा रबरी वॉशर काही रुपयांचा असतो. त्याच्या कडा फाटल्या असतील, त्यावर जुनं सिमेंट चिकटलं असेल, तर तो फेकून नवा घाला. कपलिंगच्या तोंडावर वाळलेला माल खरवडून काढल्याशिवाय जोड लावू नका.

याच कारणासाठी नळीला तीव्र वळण देऊ नका, आणि परांचीवर चढवताना तिचं वजन कपलिंगवर लोंबू देऊ नका, दोरीने बांधा. नळीतल्या मालाचंच वजन मीटरला दोन किलोच्या आसपास भरतं, नळीचं वजन वेगळं. उंचीचाही दाब असतो: माल दहा मीटर वर चढवायला केवळ उंचीपोटी दोन बार (बार हे दाबाचं माप) जातात.

वाळू आणि पाणी

गिरणा, तापी, पांझरेची वाळू मिळेनाशी झाली तशी साइटवर क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू आली. आपल्याकडची क्रश सँड काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. नदीची वाळू वाहून गोल झालेली असते. क्रश सँडचा कण टोकदार असतो. टोकदार कण एकमेकांत अडकतात, जास्त दाब मागतात आणि स्टेटरचं रबर लवकर खातात. क्रश सँड वापरू नये असं म्हणणं नाही, कारण पर्याय कुठे आहे? पण प्लास्टरसाठीची बारीक, धुतलेली घ्या, आणि स्टेटर लवकर बदलावा लागेल हा खर्च दर ठरवतानाच धरा.

मालात बारीक भाग पुरेसा हवा. कण एकमेकांवरून सरकायला सिमेंटची लगदी लागते. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट इथे उपयोगी पडतं, कारण औष्णिक केंद्रातली राख गोल कणांची असते. ती माल सुळसुळीत करते. साइटवर मिसळलेल्या १:६च्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) जाड वाळूच्या मालात ही लगदी कमी पडते, म्हणून तो हाताने छान लागतो पण पंपातून जात नाही. अशा वेळी प्रमाण बदला, वाळू बदला किंवा पंपासाठीचा तयार गोणीतला माल घ्या.

आणि इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक येते: दाब वाढला की पाणी वाढवणं. जास्त पाण्याने माल फाटतो, पाणी पुढे पळतं आणि वाळू मागे बसते. दोन मिनिटं दाब उतरल्यासारखा वाटतो, मग नळी पक्की जाम होते. पाण्याची मात्रा फ्लोमीटरवर (पाणी किती जातंय ते दाखवणाऱ्या मापकावर) एकदा ठरवली की त्या नॉबला फक्त एकाच माणसाने हात लावायचा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर फ्लोमीटरच्या नळीवर आणि पाण्याच्या गाळणीवर बसतो. मग आकडा तोच दिसतो पण पाणी कमी जातं. गाळणी रोज काढून धुवा.

हॉपरवरची जाळी कधीही काढू नका. गोणीतल्या सिमेंटचा गोळा, नदीच्या वाळूतला गोटा, सुतळीचा तुकडा, हे सगळं तिथेच अडलं पाहिजे. जाळीवर माल अडला तर काठीने ढकलण्याचा मोह होतो. काठी मिक्सरमध्ये गेली तर शाफ्टचं पातं वाकतं.

जाम काढताना जीव धोक्यात घालणं

हा भाग सावकाश वाचा आणि ऑपरेटरलाही वाचून दाखवा.

जाम झालेल्या नळीत वीस बार दाब सहज असतो. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते, आणि तो फुटला तर काय होतं हे आपण सगळे जाणतो. ३५ मिलीमीटरच्या नळीच्या तोंडावर वीस बारचा जोर १९० किलोच्या पुढे जातो. अशा वेळी कपलिंगचा कान (जोड घट्ट धरणारा खटका) पान्याने ठोकून उघडला तर नळी उसळते आणि सिमेंट-वाळू थेट डोळ्यात जाते. सिमेंट अल्कधर्मी असतं. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि धुणं झालं की थेट डॉक्टरकडे न्या. घरगुती काही घालत बसू नका.

क्रम असा ठेवा. पंप बंद करा. रिव्हर्समध्ये थोडा वेळ फिरवा, म्हणजे दाबलेला माल हॉपरकडे परत येतो. दाब दाखवणारा गेज शून्यावर आला का बघा, पण फक्त गेजवर विश्वास ठेवू नका. गेजच्या तोंडाशी माल बसला असेल तर आत दाब असूनही काटा शून्य दाखवतो. म्हणून नळी हाताने दाबून पाहा. मशीनपासून गनपर्यंत सगळीकडे ती मऊ लागली पाहिजे. कुठे दगडासारखी कडक लागली तर तिथे बूच आहे. त्याच्या मागच्या भागात अजून दाब असू शकतो. मेन स्विच बंद करा, चष्मा लावा, कपलिंगवर जाड ताडपत्री टाका, तोंड बाजूला ठेवा आणि मगच कान हळूहळू सोडा. समोर कोणीही उभं नको, बघे तर अजिबात नकोत.

रिव्हर्स-फॉरवर्ड करून जाम सुटतो का, हे एक-दोनदा करून बघायला हरकत नाही. त्यापुढे प्रत्येक धक्क्याने बूच आणखी आवळतं. नळी सोडवल्यावर बुचाची जागा शोधा, नळी सपाट जमिनीवर ठेवा आणि लाकडी मोगरीने हलके ठोकत टोकाकडून माल झटका. लोखंडी हातोडा नको. त्याने आतलं अस्तर सुटतं, आणि पुढच्या वेळी नळी नेमकी तिथेच बसते. कॉम्प्रेसरची हवा सोडून बूच उडवायचा प्रयत्न कोणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. हवा दाबली जाते, बूच सुटलं की सगळा जोर एकदम बाहेर येतो.

जाम वारंवार होत असेल तर गेजची सवय लावून घ्या. दाब तास-दीड तासात हळूहळू चढत असेल तर माल आवळतोय किंवा नळीच्या आत थर जमतोय. काटा एकदम उडाला तर गनचं नोझल किंवा एखादं वळण अडलंय. मोटर नेहमीसारखी फिरतेय, माल कमी येतोय आणि दाबही पडलाय, तर हॉपर रिकामा आहे, माल फार पातळ आहे किंवा स्टेटर झिजलाय. रोज सकाळी सुरळीत चालताना काटा कुठे असतो ते मशीनच्या झाकणावर खडूने लिहून ठेवा; फरक लगेच लक्षात येतो.

स्टेटरचे बोल्ट आवळत राहणं

माल कमी यायला लागला की बोल्ट आवळायचे, ही सवय मोटरला मारते. काही स्टेटरना आवळायची सोय असते, पण ती थोड्या झिजेपुरती असते आणि दोन्ही बाजूंनी सारखी आवळावी लागते. एकाच बाजूने आवळल्यास रबर तिरपं दाबलं जातं आणि एका रेषेत जळतं. दाब मोजायचा प्रेशर टेस्टर लावून पाहा. पुस्तकात दिलेला दाब धरत नसेल तर स्टेटर बदला. नवा स्टेटर घातल्यावरही दाब येत नसेल तर रोटर बघा. त्याच्यावरचा चकचकीत थर गेला असेल, कडा बोटाला बोथट लागत असतील, तर नवा स्टेटरही तो लवकर संपवणार.

कोरडा पंप फिरवू नका. "जरा आवाज ऐकतो" म्हणून काही सेकंद जरी कोरडा फिरवला, तरी रबर तापून खरवडतं. रोटर बसवताना डिझेल, ग्रीस, जुनं इंजिन ऑइल लावू नका. अनेक स्टेटरचं रबर खनिज तेलाने फुगतं. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉनचं वंगण वापरा.

वीज आणि हवा, थोडक्यात

साइट बदलली की थ्री-फेजचा क्रम तपासा. दोन फेज उलट लागले तर पंप उलटा फिरतो. एक फेज गेली तर मोटर गुणगुणते आणि जळते. ओव्हरलोड रिले (भार वाढला की मोटर बंद करणारा स्विच) वारंवार पडत असेल तर तो जाम करून काम चालवू नका, तो काहीतरी सांगतोय. केबल ड्रमवर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवलं तर ती तापते, पूर्ण सोडा.

गन सुरू करताना आधी हवा, मग माल. बंद करताना आधी माल, मग हवा. हा क्रम चुकला की माल हवेच्या बारीक नळीत शिरतो आणि नंतर तारेने टोकरत बसावं लागतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी काढा.

आखाजीआधीची घाईची धुलाई

रोजची धुलाई साधी आहे: माल संपवा, दाब उतरवा, नळी सोडा, ओला स्पंजचा गोळा नळीत घालून पाण्याच्या दाबाने पुढच्या टोकापर्यंत काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. गोळा नळीच्या मापाचाच हवा. झिजलेला गोळा कडेचा थर तसाच सोडतो. मिक्सरच्या पात्यांमागे आणि हॉपरच्या कोपऱ्यांत राहिलेला माल हाताने काढा, पण मेन स्विच बंद करून आणि हातमोजे घालून. धुतलेलं पाणी नाल्यात किंवा शेजारच्या केळीत सोडू नका. खड्ड्यात बसू द्या, वरचं पाणी पुन्हा धुवायला वापरा.

खरी अडचण सणाला येते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला मजूर गावी जातात, शेवटच्या दिवशी सगळ्यांना बस गाठायची असते, आणि मशीनवर दोन बादल्या पाणी मारून ते ताडपत्रीखाली ढकललं जातं. आठवड्याने उघडलं तर मिक्सर दगड झालेला असतो आणि रोटर स्टेटरला चिकटलेला. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी पंपाचं काम दुपारपर्यंतच ठेवा, उरलेला वेळ धुलाईला द्या. मोठ्या सुट्टीत रोटर स्टेटरमधून बाहेर काढून ठेवा, नाहीतर रबर दाबलेल्या जागी तसंच बसतं. स्टेटर सावलीत ठेवा, पाण्याच्या पंपातलं आणि नळ्यांतलं पाणी काढून टाका, गेजचं तोंड साफ करा. अक्कलकुवा, धडगावसारख्या ठिकाणी काम असेल तर सुटे भाग सोबतच न्या: एक स्टेटर, कपलिंगचे वॉशर, स्पंजचे गोळे, नोझल, फ्यूज. तिथून दुकान गाठण्यात दिवस जातो.

सुट्टीनंतर पहिल्या सकाळी लगेच माल टाकू नका. रोटर वंगण लावून बसवा, फेज तपासा, हॉपरमध्ये पाणी भरा आणि पंप फिरवा. प्रत्येक कपलिंगवर हात फिरवून गळती बघा, टेस्टर लावून दाब धरतोय का पाहा. काटा झाकणावर लिहिलेल्या जागी आला, पाणी काढून झालं, स्लरी नळीतून फिरली, की मग पहिली गोणी फोडा.